मृत्युपत्र एकाच्या नावे, नॉमिनी दुसराच: मुंबईतल्या फ्लॅटसाठी प्रोबेट घ्यावं का?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. आमची मावशी गेल्या महिन्यात दादरला वारली. अविवाहित होती, आजी-आजोबा कधीच गेले. मागे एक भाऊ (माझे थोरले मामा) आणि एक बहीण (माझी आई). धाकटे मामा २०१२ मध्ये गेले, त्यांची दोन मुलं आहेत, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत.

मृत्युपत्र २०१७ चं आहे. मराठीत, मावशीच्या स्वतःच्या अक्षरात, दोन फुलस्केप पानं, नोंदणी केलेली नाही. दादरचा फ्लॅट मला, बँकेतल्या ठेवी आणि शेअर माझ्या भावाला, संगमेश्वर तालुक्यातली ३० गुंठे जमीन धाकट्या मामांच्या मुलांना. व्यवस्थापक (एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून भावालाच नेमलंय. साक्षीदार दोन. एक फॅमिली डॉक्टर, ते २०२१ मध्ये वारले. दुसऱ्या शेजारच्या काकू, वय ८२, आता ठाण्यात लेकीकडे असतात. एका जागी फ्लॅटचा नंबर खोडून वर दुसरा लिहिलाय, तिथे सही नाही. माझा उल्लेख सगळीकडे ‘भाची छकुली’ असा आहे.

सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मामांचं नाव आहे. ते भांडत नाहीत, पण “नॉमिनी मी आहे, बघू” एवढंच म्हणतात. सोसायटी म्हणते प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणा. ओळखीचे एक वकील म्हणतात आता प्रोबेट लागतच नाही. कोणाचं खरं मानायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

जुनं_दप्तर:
ताई, वकील कायद्याचं बोलतायत आणि सोसायटी स्वतःच्या सावधगिरीचं. दोन्ही समजून घ्या.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधल्या कलम २१३ नुसार मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. प्रोबेटशिवाय त्या मृत्युपत्रावरचा हक्क कोर्टात उभाच राहत नसे. हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांना हे लागू होतं, तेही फक्त मुंबई, चेन्नई, कोलकाता या जुन्या इलाख्यांच्या हिशेबाने. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाने तिथेच केलेल्या, तिथल्याच घराबद्दलच्या मृत्युपत्राला ते कधीच सक्तीचं नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून हे कलम २१३ काढून टाकलं.

गेली ती सक्ती. प्रोबेट देण्याचा न्यायालयाचा अधिकार तसाच आहे आणि अर्जही पूर्वीसारखेच होतात. त्यामुळे खरा प्रश्न ‘लागतं का’ हा नाही. उद्या हे मृत्युपत्र कोणी नाकारलं तर ते सिद्ध करायला तुमच्या हातात काय असेल, हा आहे.

प्रोबेटने तीनच गोष्टी पक्क्या होतात: हे मयताचं शेवटचं मृत्युपत्र आहे, ते कायद्याला धरून झालेलं आहे आणि नेमलेल्या व्यवस्थापकाला त्यानुसार वागायचा अधिकार आहे. ते एकदा मिळालं की सगळ्या जगावर बंधनकारक असतं, फक्त अर्जातल्या लोकांवर नाही. फ्लॅट खरोखर मावशीच्या मालकीचा होता का, हे मात्र प्रोबेट कोर्ट बघत नाही. उद्या मामा म्हणाले की निम्मे पैसे मी भरले होते, तर तो वेगळा दावा, दिवाणी कोर्टात.

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, घ्या. नॉमिनी एक आणि लाभार्थी दुसरी, नोंदणी नाही, खाडाखोड आहे, एक साक्षीदार गेलेला आणि दुसऱ्या ८२ वर्षांच्या. फ्लॅट कधी विकायला काढलात तर घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील हेच सगळं बोट ठेवून विचारेल. तोवर काकू नसल्या तर उत्तर देणं फार अवघड जाईल. हीच मालमत्ता फक्त पुण्यात असती, नॉमिनी तुम्हीच असता आणि सगळे वारस सही द्यायला तयार असते, तर मी घ्या म्हटलं नसतं.

एकच काम या आठवड्यात करा. काकूंना भेटा.

कागदवाला:
जुनं_दप्तर यांच्याशी सहमत. मी प्रत्यक्ष कामाचं लिहितो.

सगळ्यात आधी मूळ मृत्युपत्र. त्याची टाचणी किंवा स्टेपल काढू नका, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही. दोन पानांना जास्तीची भोकं दिसली की पान बदललं का, हा प्रश्न येतो. लॅमिनेशन अजिबात नको. पेनाने खूण नको, पंचिंग नको. पानं एकमेकांपासून न सोडवता स्कॅन करा आणि मूळ प्रत जाड पाकिटात सपाट ठेवा. अर्जाबरोबर मूळ प्रत कोर्टात जमा होते आणि तिथेच राहते, म्हणून दोन्ही बाजूंचे स्वच्छ रंगीत स्कॅन आधीच करून घ्या.

अर्ज उच्च न्यायालयाच्या वारसा विभागात होतो. मुंबईत नगर दिवाणी न्यायालयाला हा अधिकार नाही, तिथे जाऊन महिना घालवू नका. मृत्यूनंतर पूर्ण सात दिवस उलटेपर्यंत प्रोबेट दिलं जात नाही. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलाय, म्हणून अर्जदार तुमचा भाऊ. व्यवस्थापक नेमलेलाच नसता किंवा त्याने नकार दिला असता, तर प्रोबेट मिळत नाही, ‘मृत्युपत्रासह लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मागावं लागतं. नाव वेगळं, काम बरंचसं तेच.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, व्यवस्थापकाची शपथ, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र, वारसांची यादी आणि मालमत्तेची परिशिष्टं लागतात. मृत्युपत्र मराठीत असल्यामुळे न्यायालयाच्या भाषांतर विभागाकडून अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. बाहेरून करून आणलेलं इथे चालत नाही आणि या टप्प्यावर वेळ जातो, तेव्हा ते लवकर लावा. हस्ताक्षर नीट लागत नसेल तर सोबत टाइप केलेली मराठी प्रत द्या. अर्थ न बदलता, चुकांसकट, जसंच्या तसं.

परिशिष्टात मालमत्ता, देणी आणि मावशीने दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेलं काही असेल तर ते, असे भाग येतात. फ्लॅटची किंमत सरकारी मूल्यांकनाच्या आधारे दाखवतात. शेअरचे त्या दिवसाचे भाव काढून ठेवा. एखादी ठेव विसरली तर नंतर परिशिष्ट दुरुस्त करून घ्यावं लागतं, म्हणून आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण बघा. व्याज आणि लाभांश कुठून आले हे त्यात दिसतं आणि विसरलेली खाती सापडतात.

महाराष्ट्रात प्रोबेटचं कोर्ट शुल्क मालमत्तेच्या किमतीवर असतं, पण कमाल ७५,००० रुपये. दादरचा फ्लॅट आहे म्हणजे तुम्ही कमाल मर्यादेलाच पोचणार. वकिलांची फी वेगळी, ती आधी लेखी ठरवा.

आता जिथे बहुतेक अर्ज अडतात ती जागा: वारसांची यादी. अविवाहित हिंदू स्त्री, आई-वडील हयात नाहीत, तर तिचे वारस तिच्या वडिलांच्या वारसांप्रमाणे ठरतात. म्हणजे थोरले मामा, तुमची आई आणि धाकट्या मामांची दोन्ही मुलं. बरेच जण फक्त हयात भावंडं लिहितात आणि आधी वारलेल्या भावाची मुलं गाळतात. मग कार्यालय हरकत काढतं. न्यू जर्सीतला मामेभाऊ सोडू नका. धाकट्या मामी हयात असतील आणि त्यांनी पुनर्विवाह केला नसेल, तर त्यांचंही नाव घ्या.

या प्रत्येकाला सायटेशन म्हणजे कोर्टाची सूचना जाते. आधीच संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर त्या माणसाला सायटेशनची गरज राहत नाही. विरोध करणाऱ्याने सूचना मिळाल्यापासून १४ दिवसांत कॅव्हेट म्हणजे हरकतीची नोंद आणि कॅव्हेटनंतर ८ दिवसांत कारणांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. ते दाखल झालं की अर्जाचं दाव्यात रूपांतर होतं, साक्षी-उलटतपासण्या होतात आणि वर्षं मोजावी लागतात. हरकत नसेल तर सहा महिने ते वर्षभर धरून चाला.

चाफेकळी:
दोघांचेही मनापासून आभार. तीन गोष्टी विचारते. डॉक्टर वारलेत, तर एका साक्षीदारावर भागेल का? काकू जिना उतरत नाहीत, कोर्टात कशा येणार? आणि खाडाखोडीमुळे फ्लॅटचं कलमच रद्द होईल का?

कागदवाला:
एक हयात साक्षीदार पुरतो, पण त्यांनी नेमकं काय सांगितलं यावर सगळं आहे. मृत्युपत्राला दोघांचं साक्षांकन, म्हणजे साक्षीदार म्हणून सही, लागतं. सिद्ध करायला कोर्टापुढे एक साक्षीदार आणला तरी चालतो, मात्र त्या एकाने दोघांच्याही सह्यांबद्दल बोललं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये जानकी भोईर खटल्यात हेच सांगितलं: हजर साक्षीदाराला दुसऱ्याच्या साक्षांकनाबद्दल सांगता आलं नाही, तर दुसरा पुरावा आणावा लागतो.

म्हणून काकूंच्या प्रतिज्ञापत्रात ही वाक्यं त्यांच्या स्वतःच्या आठवणीतून यायला हवीत: मावशीने माझ्यासमोर सही केली, डॉक्टर त्या वेळी हजर होते, त्यांनी मावशीच्या समोर सही केली, मीही मावशीच्या समोर केली, आणि मावशी तेव्हा शुद्धीत व समजत्या स्थितीत होती. त्या दिवशी डॉक्टर आधी सही करून निघून गेले होते असं काही काकूंना आठवत असेल, तर तेच लिहा. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणं कायद्याने बंधनकारक नाही, प्रत्येकाने मावशीची सही बघितली असावी किंवा तिने आपली सही कबूल केलेली असावी. जुळवून लिहिलेलं वाक्य उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळतं.

प्रतिज्ञापत्रासाठी काकूंना घरीच शपथ देण्याची व्यवस्था वकील करू शकतात. उद्या वाद झालाच तर आजारी किंवा वयस्क साक्षीदाराची साक्ष घरी घ्यायला न्यायालय कमिशनर नेमू शकतं. काकूंनी सही करताना चष्मा वापरला होता का, पेन कुठलं, टेबल कुठलं, कोण चहा घेऊन आलं, असे बारीक तपशील त्या सहज सांगत असतील तर वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. शिकवू नका, फक्त टिपा. डॉक्टरांच्या सहीचा एखादा जुना कागद, प्रिस्क्रिप्शन किंवा प्रमाणपत्र, मिळालं तर जपून ठेवा. काकूही नसत्या तर डॉक्टरांचं अक्षर आणि मावशीची सही ओळखणाऱ्यांवरच सगळं आलं असतं.

खाडाखोडीचं: सह्या झाल्यानंतर केलेल्या बदलाला मयत आणि साक्षीदारांची सही जवळ नसेल, तर तो बदल धरला जात नाही, खालचं मूळ अक्षर वाचता येत असेल तर तेच धरतात. त्याने पूर्ण मृत्युपत्र किंवा पूर्ण कलम रद्द होत नाही. मावशीचा त्या सोसायटीत एकच फ्लॅट होता ना? मग चुकीचा नंबर वगळला तरी कोणता फ्लॅट हे उरलेल्या वर्णनावरून कळतं. भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), देखभालीची पावती, वीजबिल जोडा. आणि हा बदल अर्जातच स्वतःहून उघड करा. समोरच्याने दाखवण्यापेक्षा आपण दाखवलेला बरा.

‘छकुली’साठीही तसंच. टोपणनावामुळे देणं बुडत नाही, माणूस ओळखू आला पाहिजे. अर्जात तुमच्या कागदोपत्री नावापुढे ‘ऊर्फ छकुली’ लिहा आणि आईचं किंवा काकूंचं एक वाक्य जोडा की मावशी हिलाच या नावाने हाक मारत असे.

गृहनिर्माण_मित्र:
सोसायटीच्या बाजूने लिहितो, कारण तिथेच माणसं एकमेकांवर चिडतात.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय: नॉमिनीने वारसांसाठी धरून ठेवायचं. सहकारी सोसायट्यांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४ब-१३ आहे. त्यात मृत्युपत्राचे दस्तऐवज, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यावरून भाग हस्तांतरित करता येतो. हक्कदार ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येतं. म्हणजे मामांना सभासदत्व दिलं गेलं तरी तुमचा हक्क गेला असं समजून घाबरू नका. पण गप्पही बसू नका. आजच सचिवांना लेखी पत्र द्या, मृत्युपत्राची प्रत जोडा आणि ‘या फ्लॅटचं विक्रीसाठी ना हरकत देऊ नये’ असं स्पष्ट लिहा. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) नॉमिनीने सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, मामा तो कधीही करू शकतात.

सोसायटीने प्रोबेट मागितलं म्हणून समितीवर रागावू नका. दोन दावेदार दिसत असताना समितीने स्वतः निवाडा करणं धोक्याचंच. देखभाल खर्च मात्र थकवू नका. पावती मावशीच्या नावे येत राहील, ती भावाने भरावी आणि हिशेबात धरावी. थकबाकी हा हस्तांतर अडवायचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

आणि एक विनंती. मामांकडे संमतीचा कागद वकिलाकडून पाठवू नका. आईने आणि तुम्ही समोर बसून मृत्युपत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवा. बहिणीने आपल्याला काहीच ठेवलं नाही हे दुसऱ्याकडून कळणं आणि समोर बसून ऐकणं यात फार फरक पडतो.

गावनमुना:
जमिनीचं कोणी बोललं नाही म्हणून.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जमिनीसाठी प्रोबेटची वाट बघत थांबू नका. हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. मामेभावांनी मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे अर्ज करावा. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. फेरफार (नावबदलाची नोंद) धरला की सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

इथे चूक होते ती अशी: अर्ज ‘वारस नोंद’ म्हणून करतात. मग चारही वारसांची नावं चढतात आणि पुढे ती कमी करायला हक्कसोड करत बसावं लागतं. अर्जावर ‘मृत्युपत्राने नोंद’ असंच लिहा.

त्याआधी सातबाऱ्याच्या इतर हक्कात बघा. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल आणि कलम ४३ ची (परवानगीशिवाय जमीन दुसऱ्याला न देण्याची) शर्त असेल, तर मृत्युपत्राने दिलेली जमीन अडचणीत येते. १९४८ च्या कुळकायद्याच्या गुजरातेत लागू असलेल्या रूपाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा देण्याला मृत्युपत्राचीही पळवाट नाही असं म्हटलंय. घेणारा शेतकरी आहे का, हा प्रश्नही त्यातच येतो. मामेभावांच्या नावे आधीची शेतजमीन असेल तर तो सातबारा सोबत ठेवा.

जुनं_दप्तर:
बँकेचं थोडक्यात. ठेवींवर नॉमिनी असेल तर बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पुढे ते मृत्युपत्राप्रमाणे द्यायची जबाबदारी नॉमिनीची. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनी व्यापारी बँकांना १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांना ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत घालून दिली आहे. पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. मावशीच्या एटीएमने पैसे काढू नका, अगदी अंत्यविधीच्या खर्चासाठीही नाही. तो खर्च पावत्यांसह व्यवस्थापकाला इस्टेटीतून पहिल्यांदा वसूल करता येतो.

कागदी शेअर असतील तर लाभांश किती वर्षं जमा झालेला नाही ते बघा. सलग सात वर्षं न घेतलेला असेल तर ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात. परत मिळतात, पण वेगळा अर्ज करावा लागतो.

चाफेकळी:
काकूंशी फोनवर बोलणं झालं, रविवारी जातोय. त्यांना त्या दिवसाचं सगळं आठवतंय. न्यू जर्सीच्या दादाचं संमतीपत्र कसं घ्यायचं? आणि अर्जाला काही मुदत आहे का? मामा म्हणतात वर्षश्राद्धानंतर बघू.

कागदवाला:
दादाने भारतीय वकिलातीत जाऊन सही करावी, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) घ्यावं. मसुदा इथल्या वकिलांचाच पाठवा. पासपोर्टवरचं नाव आणि मसुद्यातलं नाव अक्षर-न-अक्षर एक असू द्या. अमेरिकेत गेलेल्यांचं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव बऱ्याचदा गळतं आणि कागद परत येतो. त्याने इथल्या कुणाला मुखत्यारपत्र दिलं तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

मुदतीचं: मृत्यूनंतर तीन वर्षांनी अर्ज केला तर उशिराचं कारण द्यावं लागतं. तेवढ्याने दार बंद होत नाही, पण संशयाला जागा होते. मामांच्या भावना मान्य, पण वर्षभर थांबण्याचा धोका काकूंच्या वयात आहे. प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, दाखल कधी करायचं ते नंतर ठरवा.

जुनं_दप्तर:
एक भर. उच्च न्यायालयाने दिलेलं प्रोबेट भारतभर चालतं. जिल्हा न्यायालयाचं साधारणपणे राज्यापुरतं, राज्याबाहेरच्या मालमत्तेची किंमत १०,००० रुपयांपेक्षा जास्त नसल्याचा दाखला असेल तरच बाहेर चालतं. मावशीचं बेळगावला किंवा बंगळुरूला काही निघालं तर हे उपयोगी पडेल.

प्रोबेट हातात आल्यावर भावाचं काम संपत नाही. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो, म्हणून अर्ज केल्याच्या दिवसापासून वेगळी वही आणि वेगळं खातं ठेवा. प्रमाणित प्रती एकदम मागा: सोसायटी, बँक, प्रत्येक शेअर निबंधक, तलाठी कार्यालय, आणि दोन जास्तीच्या. प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत दाखवायची आणि प्रमाणित प्रत द्यायची. मूळ प्रत टपालाने कुणालाही पाठवू नका.